शेऱ्याचा रकाना

सोमवार, ता. ३

आले एकदाची! बसमधून उतरले तर ताई समोरच उभी, आणि मला बघून तिने पहिलं वाक्य काय बोलावं, तर किती वाळलीस गं. दोन वर्षांत चांगलं वजन चढलंय माझ्यावर, पण ताईच्या डोळ्यांना मी जन्मभर वाळलेलीच दिसणार. मेव्हण्यांनी बॅग उचलली आणि आत पुस्तकं आहेत की दगड, असं विचारलं. दोन्ही नव्हतं, बूट होते.

मला वरची खोली दिली आहे. खिडकीसमोर गॅरेज, गॅरेजच्या पत्र्यावर एक लठ्ठ मांजर, आणि मांजराच्या पोटाखाली कायमचं ऊन. भिंतींना नुकताच रंग दिलाय, त्याचा वास अजून येतो. घर मिळेपर्यंतच राहीन असं मी म्हटलं, तेव्हा ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पुढच्या महिन्यात तिचं ऑपरेशन आहे. तेव्हा तिला बघणार कोण, हे? असं म्हणून तिने मेव्हण्यांकडे बोट दाखवलं. मेव्हणे बिचारे अंडं उकडताना पातेलं जाळतात. ऑपरेशन साधंच आहे, पित्ताशयातले खडे. दोन दिवसांत घरी सोडतात. पण दुखायला लागलं की ताई भिंतीला टेकून डोळे मिटते आणि कुणी विचारलं तर चष्मा शोधतेय म्हणून सांगते. चष्मा डोळ्यांवरच असतो.

उद्यापासून नोकरी. बुटांना पॉलिश करून ठेवलंय.

मंगळवार, ता. ४

पहिला दिवस छान गेला. आमच्या संस्थेची शहरात आणि आसपास मिळून बारा रुग्णालयं आहेत, आणि त्या सगळ्यांतल्या एकूण एक रुग्णाची नोंद एकाच मेनफ्रेममध्ये, म्हणजे एका मोठ्या मध्यवर्ती संगणकात आहे. ती मुख्य रुग्णालयाच्या तळघरात आहे. मला वाटलं होतं, हॉलभर पसरलेलं काहीतरी असेल. निघालं दोन कपाटांएवढं काळं धूड, काचेच्या खोलीत, थंडगार हवेत, एकटंच घुमत बसलेलं. सगळे त्याला ‘थोरले’ म्हणतात. थोरले आज जरा मंद आहेत. थांबा, थोरल्यांना विचारून सांगतो. काचेच्या बाहेर ऑपरेटरबाई बसतात, अंगावर शाल, मांडीत लोकरीचा गुंडा. थोरल्यांना थंडी लागते म्हणून ह्या तळघरात बारा महिने हिवाळा, तेव्हा निदान लोकरीचे मोजे तरी विणून होतात, असं म्हणाल्या. मला पहिल्याच दिवशी एक जोड मिळाला. एक मोजा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे.

चार वर्षांपूर्वीपर्यंत थोरल्यांशी बोलायचं तर ह्याच इमारतीत यावं लागायचं. मग त्यांना वेबला जोडलं. आता वॉर्डातल्या सिस्टर हातातल्या टॅबवरून नोंदी करतात, डॉक्टर घरून औषधं लिहितात, औषधाच्या दुकानाला यादी परस्पर जाते, रुग्ण फोनवर आपले रिपोर्ट बघतो. विभागप्रमुखांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, माझं काम एका दमात सांगितलं: आधी एकच दार होतं आणि त्यावर पहारेकरी होता, आता हजार दारं आहेत आणि पहारेकरी तुम्ही. कुणाला कुठली नोंद बघता यावी, कुणाला बदलता यावी, ते मी ठरवायचं आणि कोण काय करतंय त्यावर डोळा ठेवायचा. माझ्या आधीचा माणूस चांगली नोकरी मिळाली म्हणून परदेशी गेला. जाताना त्याने दोन पानं लिहून ठेवलीत, त्यातलं अर्धं पान कॉफीच्या मशीनचं कुठलं बटण दाबू नये यावर आहे. माणूस कामाचा होता.

सोमवार, ता. १०

आठवडाभर जुन्या चाव्या गोळा करत होते, म्हणजे नोकरी सोडून गेलेल्यांचे आयडी बंद करत होते. काय एकेक निघालं! निवृत्त झालेली मेट्रन, बदली झालेले कारकून, एक तर देवाघरी गेलेले डॉक्टर. सगळ्यांचे आयडी जिवंत, सगळ्यांना आत यायची मुभा. ऑपरेटरबाई म्हणाल्या, सासरी गेलेल्या मुलींनी माहेरच्या कपाटाची चावी ठेवावी तसं आहे हे.

शेवटी एक आयडी असा सापडला, ज्याच्यामागे माणूसच नाही. नाव ‘पाहुणा’. थोरल्यांना वेबला जोडताना कंत्राटदाराच्या माणसांनी चाचणीसाठी तो केला होता, आणि काम झाल्यावर पुसायचा राहून गेला. त्याला सगळे अधिकार आहेत: कुठलीही नोंद उघडायची, बदलायची, दुसऱ्याची चावी काढून घ्यायची किंवा द्यायची, इतकंच काय, दुसऱ्याच्या नावाने सही करायची. ती कंत्राटदार कंपनी आता अस्तित्वातच नाही.

पाहुणा मात्र आहे. वेबवरून येतो. सकाळी वॉर्डात डॉक्टरांची फेरी सुरू झाली की येतो, कुठल्यातरी रुग्णाची नोंद उघडतो, वाचत बसतो, मग दुसरी. कशाला हात लावत नाही. चार वर्षं हे चाललंय. सगळ्या शहराची दुखणी कुणीतरी कुठेतरी बसून शांतपणे वाचतंय, या विचाराने जरा कसंसंच झालं. आयडी बंद केला. साहेब म्हणाले, शाब्बास. परत येताना ताईसाठी आइस्क्रीम घेतलं, आणि तिला ते खायची बंदी आहे हे आठवल्यावर मेव्हण्यांनी आणि मी संपवलं.

बुधवार, ता. १२

पाहुणा परत सुरू झालाय. मी बंद केलेला आयडी पुन्हा चालू केला गेला, आणि कुणी केला, तर थोरल्यांच्या नोंदीत नाव माझं. माझ्या आयडीवरून, काल दुपारी. काल दुपारी मी साहेबांच्या खोलीत त्यांच्यासमोर बसून त्यांच्या मुलीच्या शाळेतल्या नाटकाची हकिकत ऐकत होते.

म्हणजे माझा पासवर्ड कुणाच्यातरी हाती लागला. लाज वाटली, चोर पकडायला ठेवलेल्या माणसाचाच खिसा कापला गेला. पासवर्ड बदलला. दर मिनिटाला नवा आकडा दाखवणारं ते किल्लीएवढं यंत्र असतं, तेही नवीन घेतलं. आणि पाहुण्याला नुसतं बंद न करता पार पुसून टाकलं. आता नावसुद्धा उरलं नाही.

गुरुवार, ता. १३

आहे. पुन्हा आहे. पुसलेला आयडी कुणीतरी नव्याने तयार केला, सगळ्या अधिकारांसकट. नोंदीत नाव माझंच.

पासवर्ड चोरलाच नव्हता, हे आज डोक्यात उजेड पडल्यासारखं कळलं. त्याला माझी चावी लागतच नाही. ज्याला सगळे अधिकार आहेत तो कुणाच्याही नावाने सही करू शकतो, आणि आत शिरायला अशा बारीक फटी त्याने चार वर्षांत किती ठेवल्या असतील कोण जाणे. साहेबांना समजावून सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांची नजर पडद्यावरच्या माझ्या नावावरून हलत नव्हती. थोरल्यांना बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावू म्हणाले. तो पुढच्या महिन्यात मोकळा आहे.

शुक्रवार, ता. १४

तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरचा फोन आला. आवाज थरथरत होता, रागाने. एका म्हाताऱ्या आजोबांना इन्सुलिन द्यायचं होतं. टॅबवर डोस नेहमीच्या तिप्पट. आजोबा तीन आठवडे तिच्याकडे आहेत म्हणून तिच्या लक्षात आलं. दुसरी कुणी असती तर टोचून मोकळी झाली असती. बदल कुणी केलाय म्हणून तिने बघितलं. तिने मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. तिच्या पडद्यावर माझं नाव होतं.

आजोबांची नोंद उघडली. डोस सरळ केला. रुग्णाच्या प्रत्येक नोंदीत खाली शेऱ्याचा रकाना असतो, सिस्टर लोक त्यात झोप नीट लागली, जेवण अर्धं सोडलं, असं लिहितात. तिथे आज लिहिलं होतं:

‘दार असू द्यावं. आपली माणसं आत आहेत.’

मी जिने चढत साहेबांकडे गेले. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. त्यांच्या पडद्यावर नोंद उघडली तर शेऱ्याचा रकाना कोरा. साहेबांनी मला पाणी दिलं.

शिवीगाळ केली असती तर इतकी घाबरले नसते. किती अदबीने लिहिलंय.

सोमवार, ता. १७

आपली माणसं.

शनिवार-रविवार हे दोन शब्द डोक्यात घुमत होते. आज तळघरात पोचल्याबरोबर ताईची नोंद उघडली. तिचं ऑपरेशन आमच्याच मुख्य रुग्णालयात आहे.

ताईला एक अँटिबायोटिक चालत नाही. लहानपणी घसा सुजला म्हणून डॉक्टरांनी त्याचं इंजेक्शन दिलं आणि घरी येईपर्यंत तिचा चेहरा ओळखू येईना, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी अनवाणी धावत डॉक्टरांना घेऊन आले होते. ऑपरेशनच्या आधी हमखास देतात त्यातलंच ते औषध आहे. तिच्या नोंदीत सगळ्यांत वर, लाल अक्षरांत, ते लिहिलेलं असायचं. नोकरीवर आल्या आल्या मी स्वतः बघितलं होतं.

आज तिथे आहे: अ‍ॅलर्जी नाही.

मी पुन्हा लिहिलं. चहा आणायला गेले, आले, तर नाही. पुन्हा लिहिलं. डोळ्यांसमोर, पापणी लवायच्या आत, लाल ओळ गेली आणि तिच्या जागी काळी आली. बदल करणारी: मी.

ऑपरेटरबाईंना हाक मारली. त्या विणकाम खाली ठेवून आल्या, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, अगं, तूच तर टाइप करते आहेस.

माझे हात मांडीवर होते. मला खात्री आहे, मांडीवर होते.

मंगळवार, ता. १८

ताईला सांगितलं. आधी हसली. तिला तोंड नाही का, ती स्वतः सांगेल डॉक्टरांना, असं म्हणाली. मी विचारलं, आणि भूल दिल्यावर? तेव्हा तिचं हसू जरा ओसरलं. ऑपरेशन पुढे ढकलू, दुसऱ्या रुग्णालयात करू, असं मी म्हटल्यावर मेव्हणे प्रथमच माझ्याशी चढ्या आवाजात बोलले. तारीख मिळायला किती वाट बघितली ते तुला काय माहीत. ती भिंतीला टेकून उभी राहते ते तुला आत्ता दिसलं, मी रोज बघतो. खरं आहे त्यांचं. आणि इथे जवळपास दुसरं रुग्णालय आहेच कुठे, सगळी आमचीच.

साहेबांनी बोलावून घेतलं. दार लोटून घेतलं. खूप हळू बोलले. नवी जागा, नवं काम, घरी बहिणीचं आजारपण; माणसावर ताण येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, वेबचं दार चार दिवस बंद करा, मी सगळ्या फटी शोधून देते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. बारा रुग्णालयांची औषधं त्या दारातून जातात.

खरं तेच आहे. त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं.

बुधवार, ता. १९

सकाळी रुग्णालयातून ताईला फोन आला. एक जागा मोकळी झाली आहे, पुढच्या महिन्याऐवजी ह्या शुक्रवारीच या. ताईने मेव्हण्यांना मिठी मारली. नशीब उघडलं म्हणाली.

तळघरात जाऊन बघितलं. तिची तारीख कुणी अलीकडे आणली?

नाव वाचायची गरज नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात फक्त एवढंच:

‘आपण दार असू दिलंत तर बरं होईल.’

गुरुवार, ता. २०, दुपार

मी दार बंद केलं. जेवणाच्या सुट्टीत, ऑपरेटरबाई सोडून सगळे वर गेलेले असताना, थोरल्यांना वेबला जोडणाऱ्या दोन्ही केबल हाताने उपटल्या. ऑपरेटरबाईंच्या हातातली सुई पडली.

आणि शांतता! पडद्यावर एकही हालचाल नाही. ताईची नोंद उघडली, लाल ओळ लिहिली. थांबले. राहिली! दहा मिनिटं, पंधरा, तशीच राहिली. मी रडले. वेडी नाही मी. मी नव्हतेच करत.

मग फोन वाजायला लागले. एक, मग सगळेच. वॉर्डात औषधांच्या नोंदी अडकल्या, अपघात विभागात एका बाईचा रक्तगट दिसेना. साहेब धावत खाली आले. गुडघ्यांवर बसून केबल जोडल्या.

लाल ओळ माझ्यासमोर गेली. साहेबांच्याही समोर गेली. बघा, बघा, असं मी ओरडले. ते म्हणाले, मला तुमचंच नाव दिसतंय हो.

आत यायचं कार्ड काढून घेतलं. चौकशी होईल. आठवडाभरात पन्नासेक रुग्णांच्या नोंदी बदलल्यात, सगळ्या माझ्या नावाने. ऑपरेटरबाईंनी खाली बघत मला दारापर्यंत सोडलं.

गुरुवार, संध्याकाळ

दारावर औषधाच्या दुकानाचा माणूस. माझ्या नावाचं पाकीट. आत गोळ्या. मी कुठल्याच गोळ्या घेत नाही. चिठ्ठीवर मानसोपचार विभागातल्या डॉक्टरांचं नाव.

त्यांना फोन केला. मी आपल्याकडे कधीच आले नाही, असं म्हटलं. पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज. मग मायेने म्हणाले, तुम्ही तीनदा येऊन गेलात. मी म्हटलं, पडद्यावर बघून सांगू नका, आठवून सांगा. ते थांबले. आणि मग म्हणाले,

“आठवतंय ना. तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होतात. बहिणीबद्दल बोलत होतात.”

खोटं बोलत नव्हते ते. आवाजावरून कळतं. त्यांनी नोंद वाचली आणि त्यांना आठवलं.

खाली आले तर मेव्हण्यांच्या हातात फोन, त्यावर रुग्णालयाचा निरोप: घरच्यांनी लक्ष ठेवावं, रुग्णाशी वाद घालू नये. उद्या तू येऊ नकोस, असं ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

ताई स्वयंपाकघरात उभी होती. मला वाटलं, आता हीपण गेली. तिने बाही वर केली, हात पुढे केला आणि ओट्यावरचं पेन दिलं.

“लिही, धाकटे. मोठ्या अक्षरांत लिही.”

औषधाचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, देऊ नका. तिच्या हाताला गुदगुल्या होत होत्या, ती हसत होती. दोघी हसलो. तिला भीती वाटत होती. माझ्यापासून लपवत होती, तरी कळलं मला.

शुक्रवार, ता. २१

मागच्या दाराने आले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसून लिहिते आहे. इथून ऑपरेशन थिएटरचं दार दिसतं.

ताईला ढकलगाडीवरून नेताना बघितलं. तिने हात बाहेर काढून हलवला.

थिएटरच्या दाराबाहेरच, सलाइनची सुई लावायच्या आधी सिस्टरने स्पिरिटचा बोळा फिरवला. शाई गेली. तिच्या हातावर नुसता निळा डाग आहे.

ताई सांगत होती तिला काहीतरी. सिस्टरने हसून मान डोलावली आणि टॅबकडे बघितलं. सगळे टॅबकडेच बघतात. बोलणाऱ्या माणसाचं तोंड तिथे, आणि सगळे —

दार लागलं. मी जाते आहे आत. काय व्हायचं ते होवो —

वार माहीत नाही

वही त्यांनीच परत दिली. लिहिल्याने बरं वाटतं म्हणतात.

दार उघडून मी ओरडले होते. औषधाचं नाव ओरडले. आतल्या डॉक्टरांनी वळून बघितलं, एवढं आठवतंय. त्यांच्या हातात काही होतं का, ते आठवत नाही. दोघांनी मला धरलं. कुणीतरी टॅबवर माझी नोंद काढली आणि सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले. त्या मऊपणाचीच भीती वाटली.

मग दंडात सुई.

खोलीत एक खाट. दाराला वर काच. खिडकी उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी? — बहुतेक

सिस्टर चांगली आहे. वयाने लहान. ताई कशी आहे, विचारलं. तिने टॅब बघितला, खाटेच्या कडेला बसली, माझा हात धरला. म्हणाली, तुम्ही रोज विचारता.

टॅब बाजूला ठेवून पाणी ओतायला वळली. मी वाचलं.

जवळचे नातेवाईक: कोणी नाही.

शेरा: ‘रुग्ण हयात नसलेल्या बहिणीची चौकशी करते. वाद घालू नये.’

हयात नसलेल्या —

म्हणजे ताई — की नुसतं लिहिलंय? इथे नुसतं काही लिहीत नाहीत. इथे लिहिलं की होतं. पण साहेबांसमोर लाल ओळ गेली तेव्हा ताई जिवंत होती, बदल झाला म्हणून माणूस बदलत नाही, नोंद म्हणजे माणूस नाही. नोंद म्हणजे माणूस नाही.

नाव माझं नाही वर. आत्ता लक्षात आलं. नोंदीवर दुसरंच कुणाचं तरी नाव आहे. सिस्टर मला त्याच नावाने हाक मारते. आज मी ओ दिली.

नंतर

सुई दिवसातून दोनदा. जीभ जड. शब्द तोंडात येतात, बाहेर येत नाहीत. हात चालतो अजून.

त्याला काय हवं होतं, विचार करते आहे. पैसा नाही मागितला. काहीच नाही मागितलं. दार. त्याला कदाचित काहीच नको होतं, नुसतं आत राहायचं होतं. वाचत. मी यायच्या आधी तो वाचतच तर होता.

आता तो हेही —

नाही. वही कागदाची आहे. वही त्याला दिसत नाही. एवढं एक.

दुपार, ऊन आहे

आवाज.

बाहेर चौकशीच्या खिडकीवर कुणीतरी विचारतंय. घोगरा आवाज, घशात नळी घालून काढल्यावर बसतो तसा. पण मधेच श्वास घ्यायची तऱ्हा —

ताई. ताई आहे! जिवंत आहे, उभी आहे, बोलते आहे —

माझं नाव विचारते आहे. खिडकीवरचा माणूस म्हणतो, ह्या नावाचं इथे कुणीच नाही. ताई म्हणते, नीट बघा ना, माझी बहीण आहे. बटणांचा आवाज. नाही हो बाई, दोनदा बघितलं.

ओरडले. आवाज फुटत नाही. नुसती हवा. दार वाजवलं, हाताला जोर नाही, गादीवर मारल्यासारखं —

मेव्हण्यांचा आवाज. चल, म्हणतात. इथे नसेल ती.

ताई थांबली आहे. पावलं — इकडे येते आहे. काचेजवळून जाईल. पान फाडून काचेला लावते. मोठ्या अक्षरांत —

सिस्टर येते आहे पलीकडून, ट्रे घेऊन —

ताई मी इथे आ